टिपरच्या इंजिनात कुठलं ऑइल?

गोव्यातल्या डिचोलीत सुट्या भागांच्या दुकानांत पावसाळा सरला की एक मागणी हमखास कानावर पडते : "जरा जाड ऑइल द्या, गाडी जुनी झालीय." पेडण्याकडे धारगळ-मालपे पट्ट्यात माती-खडी ओढणाऱ्या गाड्यांचे मालकही तेच मागतात, फक्त कारण वेगळं देतात : "इथल्या उकाड्यात पातळ ऑइल टिकत नाही." दोन्ही म्हणण्यांमागे वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. तरीही इंजिनाच्या आत काय चालतं हे नीट पाहिलं, तर जाड ऑइलने बरं होणारं दुखणं फार थोड्या गाड्यांना असतं असं दिसतं. बाकीच्यांचं दुखणं रेडिएटरच्या जाळीत, एअर फिल्टरच्या डब्यात किंवा ऑइल बदलायच्या तारखेत असतं.

इथल्या गाडीचं काम कसं असतं ते आधी बघू. मुळगाव, शिरगाव, मये, पाळी, वेळगे, सुर्ल या लोहखनिजाच्या खाणींच्या गावांतून दहा टनांच्या आसपास माल भरायचा, थोडे किलोमीटर उतरून मांडवीकाठच्या धक्क्यावर, सारमानसला किंवा आमोण्याला, ओतायचा आणि रिकामी गाडी घेऊन पुन्हा वर चढायचं. तिथून पुढे बार्ज माल मुरगावला नेतात. भरायला रांग, वजनकाट्यावर रांग, धक्क्यावर रांग, आणि प्रत्येक रांगेत इंजिन चालूच. पेडण्यात खनिज नाही, पण मोपाच्या पठारावर विमानतळ उभा राहिला (५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडू लागली), पत्रादेवी ते करासवाडा हायवे रुंद झाला, आणि त्या दोन कामांनी माती, खडी, चिरे ओढणाऱ्या टिपरांना वर्षानुवर्षं काम दिलं. दोन्ही तालुक्यांत गाडी हळू चालते, भरलेली चालते, लाल धुळीत चालते आणि खूप वेळ जागेवर उभी राहून चालते. ऑइलच्या कंपनीचा जाहिरातीतला ट्रक मोकळ्या हायवेवर धावत असतो. आपली गाडी तशी नाही, आणि निवड करताना हे पहिल्यांदा ध्यानात घ्यायला हवं.

आता डबा हातात घेऊ. त्यावर मोठ्या अक्षरांत १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं. हे दोन आकडे अमेरिकेतल्या एसएई या संस्थेच्या जे-३०० नावाच्या प्रमाणपत्रकातून येतात. त्यातला ४० हा आकडा गरम ऑइलचा. काचेच्या एका बारीक नळीत ऑइल भरतात, नळी बरोबर १०० अंश सेल्सिअसवर राखलेल्या द्रवात बुडवून ठेवतात आणि ऑइल स्वतःच्या वजनाने दोन खुणांमधलं अंतर किती सेकंदांत उतरतं ते मोजतात. त्यावरून दाटपणा सेंटिस्टोकमध्ये निघतो. २० अंशांवरच्या पाण्याचा दाटपणा साधारण १ सेंटिस्टोक. १०० अंशांवर ज्याचा दाटपणा ९.३ ते १२.५ च्या मध्ये येतो ते ३० नंबरचं ऑइल, १२.५ ते १६.३ म्हणजे ४०, आणि १६.३ ते २१.९ म्हणजे ५०. दुकानात जे "चाळीस नंबर" मागतात त्याचा अर्थ एवढाच.

डब्ल्यू हे हिवाळ्याचं अक्षर आहे. १५डब्ल्यू म्हणजे शून्याखाली २० अंशांवर इंजिन फिरवताना ऑइल ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त अडवत नाही. २०डब्ल्यूची तीच परीक्षा शून्याखाली १५ अंशांवर होते. गोव्यात पारा १५ च्या खाली क्वचितच जातो, म्हणून कोणी म्हणेल की डब्ल्यूचा आपल्याला काय उपयोग. उपयोग आहे, पण आडवळणाने. थंडीत जे ऑइल कमी घट्ट होतं ते आपल्या पहाटेच्या २० अंशांवरही कमी घट्ट असतं. साधारण १५डब्ल्यू-४० ऑइलचा दाटपणा १०० अंशांवर १४-१५, ४० अंशांवर १०५-११०, आणि जानेवारीतल्या पहाटे २० अंशांवर तीनशेच्या आसपास असतो. २०डब्ल्यू-५० किंवा जुनं एकच नंबर असलेलं ४० त्याच पहाटे पाचशेच्या पुढे असतं. इंजिनाची बरीचशी झीज गाडी सुरू होतानाच्या मिनिटांत होते, आणि या आकड्यांतला फरक त्याच मिनिटांत जाणवतो.

एकच नंबर असलेलं ४० आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललं, आणि ते चुकीचं नव्हतं. टाटांचा जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा चालला. त्या घराण्यातून आलेली साधी, टर्बो नसलेली इंजिनं उबदार किनारपट्टीवर त्या ऑइलवर बरी धावली. पुढे टर्बो आले. त्यांचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि त्याची बेअरिंगं इंजिनाच्याच ऑइलवर तरंगतात. मग पहाटे लवकर पोचणारं आणि दुपारी फार पातळ न होणारं, अशा दोन्ही गुणांचं ऑइल लागू लागलं. १५डब्ल्यू-४० मध्ये हे एका पॉलिमरमुळे जमतं. थंड असताना त्याचे लांब रेणू गुंडाळून पडलेले असतात. गरम झाले की पसरतात आणि ऑइलचं पातळ होणं रोखून धरतात. पण इंजिनाच्या फटींमध्ये हे रेणू तुटतातही, म्हणून दर्जा नसलेलं १५डब्ल्यू-४० काही आठवड्यांत खऱ्या अर्थाने ३० नंबरचं होऊन बसतं. डब्यावर छापलेला नंबर नव्या ऑइलचा असतो. तो किती तास टिकेल हे त्यातल्या मालावर ठरतं.

बेअरिंगात नेमकं काय घडतं? क्रँकशाफ्ट आणि त्याभोवतीच्या बेअरिंगात मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास मोकळीक असते. शाफ्ट फिरू लागला की तो ऑइलला आपल्याबरोबर ओढतो आणि निमुळत्या होत जाणाऱ्या फटीत कोंबतो. तिथे दाब तयार होतो आणि शाफ्ट धातूवरून उचलला जातो. पावसात भरधाव गाडीचा टायर पाण्यावर उचलला जातो तसाच. हे पहिल्यांदा नीट दिसलं ते इंग्लंडमध्ये. १८८३ मध्ये बीचम टॉवर नावाचे अभियंते आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. ऑइल घालायला त्यांनी वरून एक भोक पाडलं, तर ऑइल आत जायच्या ऐवजी त्यातून वर येऊ लागलं. लाकडी बूच ठोकलं, ते बाहेर फेकलं गेलं. गेज लावलं, तर दाब दर चौरस इंचाला २०० पौंडांपलीकडे गेला. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये या दाबाचं गणित मांडलं, आणि आजही बेअरिंग त्याच गणितावर बनतं. त्या गणितात तीन गोष्टी एकत्र येतात : शाफ्टचा वेग, त्यावरचा भार आणि ऑइलचा दाटपणा. वेग कमी आणि भार जास्त, म्हणजे भरलेला टिपर चढावर दबकत चालला असेल, तर ऑइलचा पातळ थर आणखी पातळ होतो. अरुंद जागी तो अवघा काही मायक्रॉन उरतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो.

इथेच जाड ऑइलचा मोह होतो. थर पातळ होतोय, तर दाट ऑइल घालू. तर्क सरळ वाटतो, पण अर्धाच आहे.

उरलेला अर्धा म्हणजे पंप. ऑइल पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीकच ऑइल ढकलतो. गेजवर दिसणारा दाब हा त्या ऑइलला वाटेत होणाऱ्या अडथळ्याचा आकडा आहे. जाड ऑइल घातलं की अडथळा वाढतो, काटा वर चढतो, ड्रायव्हर खूश होतो, पण रॉकरपर्यंत आणि टर्बोपर्यंत पोचणारं ऑइल वाढलेलं नसतं. दाब मर्यादेबाहेर गेला तर सुटका करणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं ऑइल परत इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्येच जातं. काटा वर आहे म्हणून इंजिन सुखात आहे, असं समजून कित्येक टर्बो गेले आहेत. गरम इंजिन आयडलवर असताना काटा पुस्तकात दिलेल्या किमान आकड्याच्या वर आहे ना, आणि गेल्या महिन्यापेक्षा खाली तर आलेला नाही ना, या दोन गोष्टी पाहाव्यात. पहाटेच्या थंड इंजिनावरच्या काट्याकडे लक्ष देऊन काही कळत नाही.

दुसरी गोष्ट फिल्टरची, आणि ती आपल्या पट्ट्यात फार महत्त्वाची आहे. ऑइल फिल्टरला, किंवा तो जिथे बसतो त्या हेडला, एक बायपास व्हॉल्व्ह असतो. फिल्टरच्या कागदातून ऑइल जाईनासं झालं तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून तो उघडतो आणि न गाळलेलं ऑइल सरळ बेअरिंगांकडे सोडतो. फिल्टर तुंबला की तो उघडतो, आणि ऑइल फार घट्ट असलं तरी उघडतो. म्हणजे पहाटे थंड इंजिनात २०डब्ल्यू-५० असलं, की लाल धूळ अडकवायला लावलेला फिल्टर काही मिनिटं कामच करत नाही. ज्या गाडीला सगळ्यात जास्त धूळ खावी लागते तिच्यासाठी हा सौदा वाईट आहे.

आता उकाड्याचा प्रश्न. पणजी, डिचोली, पेडणे इथे मे महिन्यात दुपारी पारा ३३-३४ पर्यंत जातो, एखाद्या दिवशी ३६-३७. जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत बाहेरच्या हवेत फरक पडतो तो १३-१७ अंशांचा. चेंबरमधलं ऑइल मात्र भरल्या गाडीत ९० ते ११० अंशांवर असतं, आणि त्याचं तापमान हवेपेक्षा कितीतरी जास्त रेडिएटरवर, पंख्यावर आणि भारावर ठरतं. हा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. नेहमीचं १५डब्ल्यू-४० १०० अंशांवर साडेचौदा असेल, तर ११० अंशांवर ते साडेअकराच्या आसपास उतरतं आणि १२० वर साडेनवावर. म्हणजे वीस अंश चढले की ४० नंबरचं ऑइल ३० नंबरसारखं वागू लागतं. आता २०डब्ल्यू-५० घ्या. १०० अंशांवर ते साडेअठरा असलं तरी १२० अंशांवर साडेअकराच्या आसपास येतं. तापलेल्या इंजिनात घातलेलं ५० नंबर हे नीट थंड राहणाऱ्या इंजिनातल्या ४० नंबरपेक्षा पातळ पडतं.

तेव्हा इथला उकाडा ऑइलला सोसत नाही असं वाटलं, तर आधी रेडिएटर पाहावा. खाणीच्या रस्त्यावरची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल जाळीच्या पत्र्यांमध्ये बसून विटेसारखा घट्ट होतो. पुढून दिसत नाही. मागे पंख्याच्या बाजूने विजेरी मारली की समोर उजेड किती येतो ते बघा. पाणी मारायचं तेही पंख्याच्या बाजूने पुढे, आणि जोर बेताचा, नाहीतर पत्रे वाकतात. पंख्याचा पट्टा सैल आहे का, पाण्यात कूलंट आहे की नुसतं विहिरीचं पाणी, हेही पाहायचं. आणि थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत सोडायची. "गरम मुलुखात थर्मोस्टॅट कशाला" म्हणून तो काढतात. मग रिकामी गाडी परत येताना इंजिन धड तापतच नाही, ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी आणि डिझेल उडून जात नाही, आणि झाकणाखाली पिवळसर लोणी साचतं. थर्मोस्टॅट जास्त तापण्यापासून वाचवत नाही हे खरं, पण कमी तापण्यापासून वाचवतो, आणि आयडलवर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याची गरज जास्त आहे.

मग ऑइल कोणतं? गाडीच्या पुस्तकात दिलेलं, आणि ते आपल्याकडच्या बहुतेक टिपरांसाठी १५डब्ल्यू-४० आहे. टाटांच्या सहा सिलिंडरच्या ६९७ टर्बो इंजिनापासून (९७ मिलिमीटर बोअर, १२८ स्ट्रोक, म्हणून ५,६७५ सीसी) जमशेदपूरला बनणाऱ्या कमिन्सच्या बी मालिकेपर्यंत याच नंबरभोवती सगळं फिरतं. सकाळी साखळी-केरीहून चोर्ला घाट चढून बेळगावला जाणारी गाडी असेल तर तिलाही तेच चालतं. घाटात चढताना ऑइल तापतं, माथ्यावर थंडी असते, आणि दोन्ही टोकं हा नंबर सांभाळतो. पुस्तक हरवलं असेल तर इंजिनावरच्या पट्टीवर इंजिनाचा प्रकार लिहिलेला असतो. तो घेऊन कंपनीच्या वर्कशॉपला विचारावं, दुकानदाराला नाही.

जुन्या गाडीला जाड ऑइल कधीच घालू नये असं मात्र मी म्हणणार नाही. बेअरिंगांची मोकळीक वाढलेली आहे, गरम आयडलवर काटा किमान आकड्याला टेकतोय, रिंगा झिजल्यामुळे ऑइल जळतंय, आणि इंजिन बांधायला पैसे नोव्हेंबरच्या खेपा झाल्यावरच मिळणार आहेत, अशी परिस्थिती असते. तेव्हा २०डब्ल्यू-५० हा काही महिन्यांचा टेकू म्हणून चालतो. पण त्याआधी दोन तपासण्या कराव्यात. काटा खाली आला तो खरोखर बेअरिंगांमुळे का? गेज किंवा सेन्सर बिघडलेला असू शकतो. पंपाची जाळी तुंबलेली असू शकते. ऑइलमध्ये डिझेल उतरून ते पातळ झालेलं असू शकतं, आणि तसं असेल तर जाड ऑइल घालून तेही पातळच होणार. ऑइल कुठे जातंय? टर्बोच्या सीलमधून, व्हॉल्व्हच्या सीलमधून की खरोखर रिंगांतून? निळा धूर सुरू करतानाच येतो की चढावर सतत, यावरून चांगला मिस्त्री बरंच सांगतो. दहा मिनिटांच्या तपासणीने काही वेळा हाफ इंजिनाचा खर्च वाचतो.

ऑइलच्या नंबरापेक्षा त्याच्या वर्गाकडे लोक कमी लक्ष देतात, आणि मला वाटतं हे उलट असायला हवं. डब्यामागे छोट्या अक्षरांत एपीआय सीएच-४, सीआय-४ किंवा सीके-४ असं लिहिलेलं असतं. सी म्हणजे डिझेलचा वर्ग, आणि पुढचं अक्षर जितकं नंतरचं तितकं प्रमाण नवं. सीएच-४ १९९८ चं, सीआय-४ २००२ चं, सीके-४ २०१६ च्या शेवटी आलेलं. काजळी सामावून घेण्याची, आम्ल मारण्याची, झीज अडवण्याची ताकद या वर्गावर ठरते. स्वस्त मिळालेल्या जुन्या वर्गाच्या २०डब्ल्यू-५० पेक्षा सीआय-४ चं १५डब्ल्यू-४० आपल्या टिपरला कितीतरी जास्त जपतं, दाटपणा कमी असूनही.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत हा वर्ग निव्वळ चांगल्या-वाईटाचा राहिलेला नाही. त्यातल्या बहुतेकांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. काजळी तिथे जाळून टाकता येते, पण ऑइलमधल्या धातूंच्या क्षारांची राख जळत नाही, ती तिथेच साचते. सीके-४ मध्ये या राखेवर एक टक्क्याची मर्यादा आहे, सीआय-४ मध्ये तशी मर्यादा नाही. जुन्या पिंपातलं उरलेलं ऑइल नव्या गाडीत ओतलं तर इंजिन काही बोलत नाही, पण डीपीएफचं बिल येतं. दुसरी एक गोष्ट या गाड्यांच्या ड्रायव्हरांनी शिकायला हवी. डीपीएफ साफ करताना गाडी काही वेळा जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्ये सोडते आणि त्यातलं थोडं रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. रांगेत उभ्या राहणाऱ्या, थोडं अंतर जाणाऱ्या गाडीत ही सफाई वारंवार अर्धवट सुटते. मग ऑइल मोजायच्या काठीवरची पातळी वाढते. जुन्या काळात ऑइल कमी झालं की काळजी वाटायची, आता वाढलं की जास्त वाटायला हवी. डब्यावर एफए-४ लिहिलेलं दिसलं तर ते वेगळंच पातळ ऑइल आहे. पुस्तकात नाव असल्याखेरीज ते कुठल्याही टिपरात घालू नये.

धुळीबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण इथल्या इंजिनांचा खरा शत्रू तीच. लोहखनिजातलं हेमॅटाइट कठीणतेच्या मोहच्या मापावर साडेपाच ते साडेसहा येतं, मातीतली वाळू म्हणजे क्वार्ट्झ सातवर. बेअरिंगाचा वरचा थर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, त्यात हे कण रुतून बसतात आणि शाफ्टला घासत राहतात. डोळ्यांना दिसणारी धूळ एअर फिल्टर बहुतेक अडवतो. नुकसान करतात ते ५ ते २० मायक्रॉनचे कण, कारण ते थराच्या जाडीच्या जवळचे असतात. ते येतात फिल्टरच्या टोकाचं रबर सुकल्यामुळे, एअर फिल्टर ते टर्बो या होजच्या क्लिपा सैल झाल्यामुळे, किंवा फिल्टर हवेने झाडताना कागद फाटल्यामुळे. होजच्या आतून पांढऱ्या फडक्याने पुसून पाहायचं. फडक्यावर लाल रंग आला तर कुठलाही नंबर, कुठलाही वर्ग ते इंजिन वाचवू शकत नाही. वापरलेलं ऑइल प्रयोगशाळेत तपासायला दिलं तर अहवालात सिलिकॉनचा आकडा सर्वांत आधी वाचावा. लोहाचा आकडा आपल्याकडे एकट्याने वाचता येत नाही, कारण लोह लायनरमधून झिजून येऊ शकतं आणि खाणीच्या धुळीतूनही.

आता ऑइल बदलायच्या तारखेकडे येऊ. किलोमीटरवर हिशेब ठेवणं या पट्ट्यात फसवं आहे. समजा ऑइल १०,००० किलोमीटरला बदलायचं ठरवलं. हायवेवर ताशी ४५ च्या सरासरीने धावणाऱ्या गाडीचे त्यात २२० च्या आसपास तास होतात. रांगा धरून ताशी १५ पडणाऱ्या टिपरचे होतात साडेसहाशेच्या वर. ऑइलमध्ये काजळी आणि आम्ल चढतं ते तासांनुसार, चाकांनुसार नाही. नव्या गाड्यांत इंजिनाचे तास मीटरवर दिसतात. जुन्या गाडीत दिसत नसतील तर ड्रायव्हरच्या वहीत सकाळी चालू, रात्री बंद एवढं लिहिलं तरी पुरतं.

मधल्या काळात ऑइलची परिस्थिती पाहायला एक साधा उपाय आहे. गरम इंजिन बंद करून काठीवरचा एक थेंब पांढऱ्या फिल्टर पेपरवर, तो नसेल तर जाड टिपकागदावर, सोडायचा आणि काही तास आडवा, धुळीपासून दूर ठेवायचा. काजळी मध्यापासून बाहेर मऊपणे पसरत गेली असेल तर ऑइल अजून तिला सांभाळतंय. मध्ये काळाकुट्ट ठिपका आणि त्याची कडा कापल्यासारखी असेल तर ऑइलची ताकद संपली. बाहेर पिवळसर, पारदर्शक रुंद कडं उमटलं तर डिझेलचा संशय घ्यावा. रंगावरून मात्र काही ठरवू नये. डिझेलच्या इंजिनात चांगलं ऑइल दोन दिवसांत काळं होतं. काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे.

ऑइल खरेदीबद्दल एकच सांगतो. सुटं ऑइल घेऊ नये. सील तपासावं, महिना-वर्ष वाचावं, आणि रिकामा डबा फेकताना त्याला खिळ्याने भोक पाडावं, म्हणजे तो कोणी पुन्हा भरून विकू शकणार नाही. काढलेलं काळं ऑइल वाळवी जाऊ नये म्हणून दाराच्या चौकटींना, कुंपणाच्या खांबांना लावायची पद्धत आपल्याकडे आहे, आणि उरलेलं गटारात जातं. डिचोलीचं गटार शेवटी नदीला मिळतं. ते ऑइल पिंपात साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला द्यावं, त्याचे पैसेही मिळतात.

दुकानात बरेचदा आणखी एक गोंधळ होतो. गियर बॉक्सचं ९० नंबर इंजिनाच्या ४० पेक्षा दुपटीने दाट आहे असं पुष्कळांना वाटतं. गियर ऑइलचं पत्रक वेगळं आहे. त्यातलं ९० म्हणजे १०० अंशांवर साडेतेरा ते साडेअठरा, म्हणजे इंजिनाच्या ४०-५० च्याच जवळचं. तरी ते इंजिनात घालायचं नाही. त्यातली रसायनं गियरच्या दातांसाठी असतात, काजळी सांभाळायला नसतात.

शेवटी उभ्या गाड्यांविषयी, कारण गोव्यात हा प्रश्न फार मोठा झाला. १० सप्टेंबर २०१२ ला राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेने बंदी उठली. मग ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने खाणींच्या ८८ लीझचं नूतनीकरण रद्द झालं, आणि १६ मार्चपासून पुन्हा शांतता. डिचोली तालुक्यात दारोदारी, काजूच्या झाडांखाली, हप्ते थकलेले टिपर उभे राहिले, काही कायमचे. २०२४ मध्ये डिचोलीच्या लिलाव झालेल्या ब्लॉकमध्ये काम पुन्हा सुरू झालं, तेव्हा त्यातल्या कित्येक गाड्या जागच्या हलवायच्या होत्या. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जागी उभ्या इंजिनाच्या आत हवेतली वाफ धातूवर दव होऊन बसते, ते पाणी जुन्या ऑइलमधल्या आम्लाशी मिळतं आणि बेअरिंग खातं. पावसाळ्यात खनिज वाहतूक बंद असते, त्यामुळे थोड्या प्रमाणात हे दर वर्षी घडतं.

म्हणून गाडी जूनमध्ये उभी करायची असेल तर ऑइल आधी बदलून उभी करावी. पुष्कळ जण सप्टेंबरपर्यंत थांबतात, आणि तोवर आम्ल आपलं काम करत असतं. वर्षभर किंवा जास्त उभी असलेली गाडी सुरू करताना जुनं ऑइल, कितीही कमी चाललेलं असो, फिल्टरसकट काढून टाकावं. चेंबरचा नट सोडल्यावर आधी पाणी बाहेर येतं का ते बघावं, कारण ते तळाशी साचतं. नवं ऑइल भरल्यावर घाईने किल्ली फिरवू नये. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात स्टॉप केबल ओढून धरायची, म्हणजे डिझेल बंद राहतं, आणि स्टार्टर दहा-दहा सेकंद, मध्ये विश्रांती देत फिरवायचा, गेजवर काटा हलेपर्यंत. टर्बो असेल तर त्याच्या वरच्या ऑइल पाइपचा जोड सोडून त्यात थोडं नवं ऑइल घालून पुन्हा आवळायचा. काटा उचलला की केबल सोडायची, गाडी सुरू करायची आणि पहिली पाच मिनिटं ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही.